दोन विद्यापीठं, एक पदवी आणि मधले दहा हजार किलोमीटर



दर महिन्याला गटांकडून आमच्याकडे प्रश्नांच्या चिठ्ठ्या येतात. बहुतेक चिठ्ठ्या कर्जाचं व्याज, शेळ्यांचा विमा, रेशनकार्डात नाव चढवणं अशा असतात. या वेळी एक चिठ्ठी वेगळी निघाली. लिहिणाऱ्या ताईंची पुतणी एम.टेक. झाली आहे. तिला आता पवईच्या आयआयटीत पीएच.डी.ला अर्ज करायचा आहे, आणि ती पदवी म्हणे मुंबई आणि ऑस्ट्रेलिया अशी दोन्हीकडची मिळून असते. घरात तीन मतं आहेत. भाऊ म्हणतात, एका कष्टात दोन पदव्या, उत्तमच. दीर म्हणतात, असलं काही नसतं, ही फसवणूक आहे. आणि आजी एवढंच विचारते, “मग लग्न कधी?” ताईंनी खाली लिहिलंय, “नक्की काय असतं ते सांगा, आणि पोरीचे दिवस तिकडे कसे जातात तेही सांगा.”

आजचं बोलणं त्यावरच.

आपल्या गटाच्या बँक खात्याचं उदाहरण घेऊ. खातं एकच, पण पैसे काढायचे तर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात. एकीची सही झाली आणि दुसरी माहेरी गेली असली, तर थांबावं लागतं. त्रास होतो, पण पैसा सुरक्षित राहतो. संयुक्त पदवीचं तसंच आहे. विद्यार्थिनी एक, अभ्यास एक, प्रबंध एक, आणि तो मान्य करणारी विद्यापीठं दोन. दोघांच्याही हजेरीपटावर तिचं नाव असतं आणि शेवटच्या प्रमाणपत्रामागे दोघांचीही जबाबदारी असते. म्हणजे भाऊंना वाटतं तशा एका कष्टात दोन पदव्या नव्हेत. कष्ट थोडे जास्तच पडतात.

आपल्याकडे यासाठी नियमही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांसोबतच्या अभ्यासक्रमांचे नियम काढले. त्यात तीन प्रकार सांगितले आहेत आणि जाहिरातीत नेमकी त्यांचीच सरमिसळ केली जाते. पहिला ट्विनिंगचा. त्यात पदवी भारतातल्याच विद्यापीठाची मिळते, फक्त अभ्यासाचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग बाहेरच्या विद्यापीठात करता येतो. दुसरा संयुक्त पदवीचा. इथे दोन्ही विद्यापीठांत प्रत्येकी निदान ३० टक्के अभ्यास व्हावा लागतो आणि प्रमाणपत्र दोघांचं मिळून एकच असतं. तिसरा दुहेरी पदवीचा, त्यात प्रमाणपत्रं वेगवेगळी मिळतात. या नियमांनुसार घेतलेली पदवी भारतात नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा कुठे ‘समकक्ष’ ठरवून आणावी लागत नाही. नुसत्या ऑनलाइन आणि पत्राद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमांना मात्र हे नियम लागू नाहीत. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे. दिरांना सांगा, ही फसवणूक नाही. पवईला आयआयटी मुंबईच्या आवारातच ‘आयआयटीबी-मोनॅश रिसर्च अकादमी’ आहे. २००८ साली ती सुरू झाली, म्हणजे यूजीसीचे हे नियम यायच्या कितीतरी आधी. आयआयटी तशाही यूजीसीच्या नियमांवर चालत नाहीत, त्यांचा कायदा स्वतंत्र आहे. अकादमीतला दुसरा भागीदार म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराचं मोनॅश विद्यापीठ. गंमत अशी की या दोन्ही संस्थांचं जन्मसाल एकच, १९५८. त्या वर्षी आयआयटीचे पहिले विद्यार्थी वरळीला उसन्या जागेत शिकत होते, पवईला तेव्हा नुसता डोंगर आणि तलाव. पंडित नेहरूंनी तिथली कोनशिला बसवली ती पुढच्या वर्षी. तिकडे व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळानं त्याच १९५८ मध्ये कायदा करून मोनॅश विद्यापीठ काढलं आणि जॉन मोनॅश नावाच्या इंजिनिअरचं नाव त्याला दिलं. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियाचे सेनापती होते. तिथल्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे.

इथे मिळते ती पीएच.डी., आणि तिच्यावर दोन्ही संस्थांची नावं असतात. विषय बहुतेक विज्ञान-तंत्रज्ञानाचे: पाणी, स्वच्छ ऊर्जा, जैवतंत्रज्ञान, रस्ते-पूल-इमारती, संगणकावरची मोठी गणितं. समाजाच्या प्रश्नांवरही काम चालतं. नुसतं ‘मला पीएच.डी. करायची’ म्हणून जाता येत नाही. दोन्हीकडचे प्राध्यापक मिळून आधी संशोधनाचा विषय ठरवतात, त्या विषयांची यादी निघते, आणि मुलीनं त्यातला विषय निवडून अर्ज करायचा. मुलाखत होते. निवड झाली की तिला दोन मार्गदर्शक मिळतात, एक पवईचे आणि एक मेलबर्नचे.

पैशाचं आधी बोलू, कारण चिठ्ठीत नसलं तरी मनात तेच असतं. पीएच.डी. म्हणजे फी भरून शिकायचं शिक्षण, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. चांगल्या संस्थेत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्याला दर महिन्याला विद्यावेतन मिळतं. केंद्र सरकारच्या विज्ञान संशोधनाच्या शिष्यवृत्तीचा दर जानेवारी २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये असा आहे. शिवाय घरभाडं किंवा वसतिगृह. या अकादमीतही निवडलेल्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन असतं. म्हणजे मुलगी चार-पाच वर्षं घरावर भार होऊन बसत नाही. गावातल्या बऱ्याच पहिल्या नोकऱ्यांपेक्षा तिच्या हातात जास्त पैसे येतात. आम्हाला वाटतं, घरातल्या वादात हा आकडा सगळ्यात आधी सांगायला हवा, आणि तोच बहुतेक वेळा कुणाला माहीत नसतो.

मात्र ही गोष्ट पीएच.डी.ची. दोन विद्यापीठांची बी.ए., बी.टेक. किंवा एम.बी.ए. असेल, तर चित्र पुष्कळदा उलटं असतं. तिथे फी भरावी लागते, ती मोठी असते आणि परदेशातल्या काळाची फी त्या देशाच्या चलनात मोजतात. अपवाद आहेत. युरोपात ‘इरास्मस मुंडुस’ नावाची योजना २००४ पासून चालते. दोन किंवा जास्त देशांतली विद्यापीठं मिळून एक एम.ए. किंवा एम.एस्सी. शिकवतात, विद्यार्थी एक सत्र एका देशात आणि पुढचं दुसऱ्या देशात काढतात. तिची शिष्यवृत्ती मिळाली तर फी लागत नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. भारतातली बरीच मुलं दरवर्षी ती मिळवतात. अर्ज थेट विद्यापीठांच्या गटाकडे करायचा असतो, मध्ये एजंट लागत नाही.

आता दिवस कसे जातात ते.

पहिली एक-दोन वर्षं पवईतच. आयआयटीचं आवार म्हणजे मुंबईतलं एक वेगळं गाव आहे. एका बाजूला पवईचा तलाव, मागे डोंगर, झाडी इतकी की अधूनमधून बिबट्याही येऊन जातो. सुरुवातीला वर्गात बसून काही विषय शिकायचे, परीक्षा द्यायच्या. मग स्वतःचं काम सुरू. संशोधन हा शब्द मोठा आहे, रोजचं काम मात्र बघायला फार साधं असतं. तीच चाचणी पन्नास वेळा करायची, आकडे वहीत आणि संगणकात उतरवायचे, यंत्र बिघडलं तर मेकॅनिकची वाट बघायची, दुसऱ्यांनी आधी काय शोधलं ते वाचायचं. आपण पेरणी करतो तेव्हा पीक चार महिन्यांत कळतं. इथे वर्षभर राबून ‘हे जमत नाही’ एवढंच कळलं, असंही होतं. आणि तेही उत्तरच धरतात, पण ते घरी फोनवर सांगायला कठीण जातं. “झालं का पूर्ण?” या प्रश्नाला पीएच.डी. करणाऱ्या मुली सगळ्यात जास्त वैतागतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या सगळ्यात संयुक्त पदवीची म्हणून जी खास मेहनत आहे, ती दोन मार्गदर्शकांची. पवईच्या सरांना वाटतं प्रयोग आधी संपवावा, मेलबर्नच्या मॅडमना वाटतं लेख आधी लिहावा. दोघंही मोठे, दोघंही आपापल्या जागी बरोबर. मध्ये ती मुलगी. दोघांना एकाच फोनवर घ्यायचं तर वेळ जुळवावी लागते. आयआयटीत दरवर्षी प्रगतीचा अहवाल मांडावा लागतो, मोनॅशचेही स्वतःचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर समितीसमोर उभं राहून काम दाखवायचं असतं. अर्ज दोन, ओळखपत्रं दोन, ईमेल दोन, नियमांची पुस्तकंही दोन. वर्षाचं कॅलेंडरसुद्धा जुळत नाही. आपलं शैक्षणिक वर्ष जुलैच्या आसपास उघडतं. तिकडचं फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये सुरू होतं, आणि डिसेंबरात नाताळला सगळं बंद. इकडे प्रयोग ऐन रंगात आला असताना तिकडचं उत्तर महिनाभर येत नाही, आणि दिवाळीत आपण घरी असतो तेव्हा तिकडून तातडीचा निरोप येतो.

यात मिळतं काय? पवईला नसलेलं एखादं यंत्र मेलबर्नला असतं, तिकडे न मिळणारा आपल्याकडचा पाण्याचा नमुना इथे मिळतो. ग्रंथालयं दोन्ही वापरता येतात. आणि आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं: एका मार्गदर्शकाशी बिनसलं तर मुलगी एकटी पडत नाही. पीएच.डी.त मार्गदर्शकाच्या हातात फार सत्ता असते. ती दोन ठिकाणी वाटली गेली की मुलीला श्वास घ्यायला जागा राहते. दोन सह्यांच्या खात्याचा हा फायदा आपल्या गटातल्या बायकांना वेगळा समजावून सांगायला नको.

मग जायची वेळ येते. या अकादमीतले विद्यार्थी साधारण सहा महिने ते वर्षभर मोनॅशला राहून काम करतात. तयारी दोन-तीन महिने आधीपासून लागते. विद्यार्थी व्हिसा, त्यासाठी वैद्यकीय तपासणी, खर्चाची तरतूद असल्याचे कागद, आणि तिथल्या मुक्कामाचा आरोग्य विमा. हा विमा विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची फी गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे, तेव्हा ती कोण भरणार, विद्यापीठ की विद्यार्थी, हे आधीच लेखी विचारून घ्यायला हवं. विमानाच्या तिकिटाचंही तेच.

आईच्या हातात या काळात एकच खातं असतं, खाऊचं. त्यासाठी थोडं जास्त सांगतो, कारण इथे चूक झाली तर मुलीला विमानतळावर त्रास होतो. ऑस्ट्रेलियाला आपली शेती आणि जनावरं बाहेरच्या रोगांपासून जपायची असतात. म्हणून बाहेरून येणारं अन्न ते फार कडकपणे तपासतात. आपल्याकडे जनावरांना लाळ-खुरकत होते, ती त्यांच्याकडे नाही आणि त्यांना ती येऊ द्यायची नाही. म्हणून दुधाचे पेढे, बर्फी असलं काही चालत नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची ताजी पानं, मोड येईल असं बी-बियाणं हेही नाही. दळलेले मसाले, चटण्या नेता येतात, पण विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘माझ्याजवळ खाण्याचे पदार्थ आहेत’ असं लिहून द्यावं लागतं. दुकानातलं सीलबंद पाकीट आणि त्यावर इंग्रजीत नाव असलं की तपासणी लवकर आटोपते. सांगून नेलेलं नियमात बसलं नाही, तर फार तर काढून घेतात. न सांगता नेलेलं सापडलं, तर मोठा दंड होतो आणि व्हिसाही अडचणीत येऊ शकतो. तेव्हा साड्यांच्या घडीत पेढ्यांचा डबा लपवायचा लाड करू नका. मेलबर्नच्या त्या भागात आपलं वाणसामान मिळतंही. विद्यापीठाचं मोठं आवार क्लेटन या उपनगरात आहे, शहराच्या मध्यापासून वीसेक किलोमीटर. तिथून जवळच डँडेनाँगला ‘लिटल इंडिया’ म्हणून ओळखला जाणारा बाजारच आहे. डाळी, ज्वारी-बाजरीचं पीठ, पोहे सगळं असतं, फक्त भाव बघून डोळे पांढरे होतात.

हवामान उलटं. आपल्याकडे पेरण्या चालू असतात तेव्हा तिकडे ऐन थंडी. जूनमध्ये संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, दिवसा तेरा-चौदा अंश आणि रात्री सहा-सात. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा, कधी चाळीसच्या वर. आणि मेलबर्नचे लोक स्वतःच म्हणतात की त्यांच्याकडे एका दिवसात चारही ऋतू होतात. स्वेटर आणि छत्री दोन्ही रोज सोबत.

पहिल्या महिन्यात मुलींना धक्का बसतो तो बोलण्याचा. पवईला प्राध्यापक म्हणजे सर किंवा मॅडम, त्यांच्या खोलीत शिरताना आपण दारात थांबतो. तिकडे प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची. सुरुवातीला जीभ वळत नाही. त्याहून अवघड म्हणजे त्यांच्या समोर ‘मला हे पटत नाही’ असं म्हणणं. तिथे गप्प बसणाऱ्या मुलीला नम्र समजत नाहीत, तिला काही कळलेलं नाही किंवा तिला रस नाही असं समजतात. लहानपणापासून ‘मोठ्यांपुढे बोलू नये’ ऐकत आलेल्या आपल्या मुलींना याचं ओझं मुलांपेक्षा जास्त होतं. आम्हाला यात विद्यापीठाचा दोष दिसत नाही. आपण घरी मुलींना बोलू दिलं तर तिकडे पाच-सहा महिने वाचतील, एवढं मात्र वाटतं.

राहणं बहुतेक भाड्याच्या घरात, तीन-चार जणी मिळून. स्वयंपाक, भांडी, कपडे, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, सगळं स्वतः. बस आणि रेल्वेला एकच कार्ड, त्याला मायकी म्हणतात. संकटात फोन करायचा नंबर शून्य-शून्य-शून्य, हा आईवडिलांनीही लिहून ठेवलेला बरा, निदान मुलीला विचारता येतं की तुला तो माहीत आहे ना. मेलबर्नला मराठी माणसं पुष्कळ आहेत. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. मुलगी तिथे आरतीला गेली की घरच्यांना हायसं वाटतं. पण तिनं सहा महिने फक्त आपल्याच माणसांत काढले, तर गेली कशाला, असाही प्रश्न येतो. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर चीनची, इराणची, श्रीलंकेची मुलं असतात. डब्यातलं काहीबाही एकमेकांना देता देता ओळख होते आणि पुढच्या कामात तीच उपयोगाला येते.

फोनची वेळ हा घराघरातला वाद असतो, म्हणून तोही सोडवून टाकू. मेलबर्नचं घड्याळ आपल्या साडेचार तास पुढे असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे सरकवतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात, म्हणजे त्या सहा महिन्यांत फरक साडेपाच तासांचा. आपण रात्री नऊला जेवणं आटोपून निवांत फोन लावतो, तेव्हा तिकडे रात्रीचे दीड नाहीतर अडीच वाजलेले असतात. मुलगी आईचा फोन म्हणून उठून बोलते आणि सकाळी झोपेत प्रयोगशाळेत जाते. दुपारी तीन-साडेतीनची वेळ धरा. तिकडे संध्याकाळचे साडेसात ते नऊ होतात, ती घरी आलेली असते. शेतातून किंवा गटाच्या बैठकीतून फोन करावा लागला तरी चालेल.

दूर शिकायला गेलेल्या मुलीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच आनंदीबाई जोशींचं नाव घेतात. १८८३ ला बोटीनं अमेरिकेला गेल्या, १८८६ ला डॉक्टर झाल्या, आणि परत आल्यावर काही महिन्यांतच, १८८७ मध्ये, गेल्या. वय एकवीस. त्यांचं नाव घ्यावंच. पण आजच्या या मुलीची अडचण वेगळी आहे. ती एकदाच जाऊन राहत नाही, ती जाते आणि परत येते. तिकडे रुळली की बॅग भरायची वेळ. पवईला परत आली की वसतिगृहातल्या मैत्रिणी पास होऊन गेलेल्या, प्रयोगाचं टेबल दुसऱ्याला दिलेलं, आणि गावी सगळे विचारतात, “तिकडे नोकरी नाही का मिळाली?” जणू परत येणं म्हणजे नापास होणं. परत येणं हा या अभ्यासक्रमाचा ठरलेला भाग आहे, हे घरच्यांना आधीच माहीत असलं तर तिला ते शंभरदा समजावत बसावं लागत नाही. प्रबंध लिहून दोन्हीकडच्या मान्यतेतून जाईपर्यंत सगळं मिळून साधारण चार-पाच वर्षं धरून चाला.

आता आजीचा प्रश्न. एम.टेक. होईपर्यंत मुलगी चोवीस-पंचवीसची. पुढे पाच वर्षं म्हणजे तिशी. आजीची काळजी खोटी नाही, तिला हसून उडवू नये. पण पीएच.डी. करताना लग्न करता येत नाही, असा कुठलाही नियम नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत बाईला पदवी पूर्ण करायला जास्तीची दोन वर्षं मिळतात आणि प्रसूती व बाल-संगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. आयआयटीचे आणि मोनॅशचे नियम आपापले आहेत, ते प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावेत. रजेच्या काळात विद्यावेतन चालू राहतं का, परदेशाचा काळ पुढे ढकलता येतो का, हे दोन प्रश्न नक्की विचारावेत. स्थळ बघताना ‘वर्षभर मेलबर्नला जायचं आहे’ हे लपवू नका. लग्नानंतर कळलं तर पहिली गोष्ट थांबते ती तिचं जाणं.

आणि नाव. लग्नानंतर आपल्याकडे सवयीनं नाव, आडनाव सगळं बदलतात. अशा मुलीची नोंद दोन विद्यापीठांत, पासपोर्टवर, व्हिसावर, बँकेत आणि छापून आलेल्या लेखांवर असते. मधेच नाव बदललं तर प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्रं देत फिरावं लागतं. पदवी हातात येईपर्यंत जुनंच नाव ठेवलं तर कायद्याची काही अडचण नाही. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

दिरांच्या शंकेचा एक भाग मात्र अगदी खरा आहे. हा अभ्यासक्रम खरा आहे, पण याच शब्दांच्या आडून पैसे उकळणारेही आहेत. ‘परदेशी विद्यापीठाशी संलग्न’, ‘आंतरराष्ट्रीय दुहेरी पदवी’ असे बोर्ड तालुक्याच्या गावीसुद्धा दिसायला लागले आहेत. आमच्या ऐकणाऱ्यांपैकी एका घरानं अशाच एका एजंटकडे नोंदणी म्हणून पैसे भरले, पावती मिळाली ती साध्या वहीच्या कागदावर. अशा माणसाला विचारायचं: पदवीच्या कागदावर नाव कुणाचं येणार? दोन्ही विद्यापीठांच्या स्वतःच्या वेबसाइटवर या अभ्यासक्रमाचा उल्लेख आहे का, तो तुमच्या मोबाइलवर नको, आमच्या मोबाइलवर दाखवा. सगळं घरबसल्या ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या संयुक्त पदवीच्या नियमात ते बसत नाही, हे वर सांगितलंच. खोट्या विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतः जाहीर करते, तीही बघता येते. फी विद्यापीठाच्या खात्यात जाते की माणसाच्या, यावरून बरंच कळतं.

कर्ज काढायची पाळी आली तर एवढं माहीत असू द्या. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे लागतं, आणि बहुतेक बँका त्यासाठी शेतजमीन घेत नाहीत, घर किंवा बिगरशेती जागा मागतात. म्हणजे सातबारा घेऊन बँकेत गेलेला बाप रिकाम्या हातानं परत येतो आणि मग सावकाराकडे वळतो. पीएच.डी.साठी तर असलं कर्ज काढूच नये. विद्यावेतन नसलेली जागा मिळाली असेल तर आमच्या मते एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करावा.

ज्यांच्या मुली आत्ता बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांनी पासपोर्ट आत्ताच काढून ठेवावा. पुष्कळ जिल्ह्यांत मुख्य टपाल कार्यालयातही आता पासपोर्ट केंद्र असतं. साध्या छत्तीस पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. दहावीची सनद, आधार आणि जन्माचा दाखला या तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख अक्षरानअक्षर एकसारखी आहे का, ते अर्जाआधी बघा. वडिलांचं नाव एकीकडे लांब आणि दुसरीकडे आखूड असलं तरी अडतं, आणि ते दुरुस्त करायला शाळा, ग्रामपंचायत आणि आधार केंद्र मिळून दोन-तीन महिने सहज जातात. अर्ज झाला की पोलीस पडताळणी होते, तेव्हा फोन आला तर उचला आणि कागद जवळ ठेवा.